न पोचलेली हाक

कन्हेरीला मी सून म्हणून आले तेव्हा आमच्या सासऱ्यांचे, आबांचे कान गावात नावाजलेले होते. तरुणपणी त्यांनी मेंढरं राखली होती. कळपातलं कुठलं कोकरू ओरडतंय ते पाठमोरे बसून सांगत.

नव्वद सालानंतर माझ्या हाकेला ते ओ देईनासे झाले. नवऱ्यानं तेच विचारलं की मात्र लगेच उत्तर. मला वाटलं, माझ्यावर राग आहे. कितीतरी महिने मी मुकाट्यानं भाकरी वाढली. एकदा दारातल्या लिंबावर चिमण्यांचा गलका चालला होता आणि आबा सासूबाईंना म्हणाले, "औंदा चिमण्या कुठं गेल्या गं?"

सासूबाईंनी लिंबाकडं बोट दाखवलं.

पुढं बांधावरून चालताना त्यांचा झोक जाऊ लागला. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "वय झालंय. आधी बारीक आवाज जातात. बायकांचे, पोरांचे, पाखरांचे. आणि तोलही कानाच्या आतच असतो."

आबांना ते नवऱ्यानं मोठ्यानं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंग आता आनखी काय काय जायाचं?"



त्या उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलं होतं. दुपारी आबा उसाकडं निघाले, मी भाकरी घेऊन मागं. कालव्यावरच्या पुलाला कठडा नव्हता. आबांचं पाऊल कडेकडं सरकताना दिसलं.

"आबा, कडंला जाऊ नका."

ते चालतच राहिले. मी घसा फाटेस्तोवर ओरडले. माझा आवाज पलीकडच्या रानात पिकाला पाणी धरणाऱ्या शेजाऱ्याला ऐकू गेला, आबांना नाही. शेजाऱ्यानं आपल्या जाड आवाजात हाळी दिली, "आबा, थांबा."

ती त्यांना ऐकू आली. त्यांनी झटकन मान वळवली, आणि त्या वळण्यानंच तोल गेला.

शेजाऱ्यानं कालव्यात उडी टाकून प्रवाहात बरंच खाली जाऊन त्यांना बाहेर ओढलं. जीव वाचला, खुबा मोडला. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "तू मागं व्हतीस ना? मंग हाक का न्हाय मारली?"

मी मारली होती, हे मला सांगवलं नाही.

आबा त्यानंतर वर्षभर जगले. मान हलली की घर फिरतं म्हणून भिंतीकडं तोंड करून निपचित पडून असत. मी आत आलेली त्यांना कळायची नाही. मी आधी खाटेला हलकेच हात लावायचे, तरी दर वेळी ते दचकायचे.