उगवतीले कोन?

सोनकांबळे काकांना काहीही विचारा, ते आधी उलट विचारत, "त्याच्या बाजूले काय होतं?" माझा जेवणाचा डबा हरवला तरी तेच. राग यायचा, पण डबा सापडायचा.

उटनूरच्या एका कचेरीत ते रेकॉर्ड सांभाळत, मी शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर. जमिनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढल्या आणि त्यांत शोधण्यासाठी प्रश्न कसा लिहायचा, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी ऐटीत ठरवलं: गाव आणि सर्वे नंबर आणि खातेदाराचं नाव. तिन्ही जुळली तरच उत्तर.

"नेमकं विचारलं की नेमकं मिळतं, काका."

"अन् ज्याले नेमकं माईत नाई, त्यानं कुटी जावं?"

मी हसण्यावारी नेलं.

मग भीमबाई आली. नवरा गेलेला, कागद वाळवीनं खाल्लेले आणि शेजारी तिच्या दोन एकरांत कुंपण घालायला निघालेला. सोमवारी मोजणी होती. त्याआधी नोंदीची नक्कल हातात नसली तर वावर गेलंच म्हणायचं. नंबर तिला ठाऊक नव्हता. गाव आणि नवऱ्याचं नाव घालून पाहिलं. 'नोंद सापडली नाही.' मी मान हलवली. खरं सांगतो, त्यात माझी काही चूक आहे असं मला वाटलंच नाही.

काकांनी तिला स्टुलावर बसवलं. "माय, तुह्या वावराच्या उगवतीले कोन?"

"मारोती. मावळतीले नाला. खालच्या अंगाले देवाची जागा."

"हे घाल," काका मला म्हणाले. "अन् समदंच जुळलं पायजे, हा हट्ट सोड. जेवढं जुळते तेवढं दाखव."

कुरकुरत मी चतुःसीमेचे, म्हणजे चारी बाजूंना कोण-काय याचे, रकाने जोडले, 'आणि' काढून 'किंवा' घातलं, सर्वांत जास्त जुळणारं वर आणलं. पहिलीच नोंद तिच्या सासऱ्याच्या नावावर होती. नवऱ्याच्या नावावर ती कधी चढलीच नव्हती. नक्कल पदराखाली धरून भीमबाई गेली. सोमवारी कुंपण तिच्या बांधाबाहेर राहिलं.

मागच्या वर्षी काकांना मेंदूचा झटका आला. आदिलाबादला भेटायला गेलो, तर नुसते बघत राहिले. नाव सांगितलं, गाव सांगितलं. काही नाही. काकू डोळ्याला पदर लावून आत गेल्या. मग सुचलं.

"काका, तुमच्या टेबलाच्या उगवतीले कोन बसे?"

"कॉम्प्युटरवाला," ते म्हणाले. "लई हट्टी. त्याच्या उगवतीले खिडकी."

मग माझ्याकडे पाहिलं. "बस ना. काऊन उभा हायस?"