आत्याबाईंची पेठ

आत्याबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. फोन माझ्या नवऱ्याचा, सुनीलचा होता. "घरी ये... आई..." एवढंच म्हणून तो थांबला. पुढचं क्रियापद त्याच्या तोंडून बाहेर पडलंच नाही. शेवगावच्या शाळेत मी इतकी वर्षं मराठी शिकवतेय, मुलांची अपुरी वाक्यं पूर्ण करून घेण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पण ते वाक्य पूर्ण करायला मी त्याला सांगितलं नाही. फळ्यावर समानार्थी शब्दांचा तक्ता अर्धवट लिहिलेला होता, तो तसाच टाकून मी स्टँडवर आले. ओळखीचा जीपवाला म्हणाला, "बाई, आज लवकर?" मी म्हटलं, "हो, घरी जरा..." आणि मीही तिथंच थांबले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे. मी नगर शहरात वाढलेली, मराठी घेऊन एम.ए. केलेली. त्यामुळे या घरात भाषेची अडचण येईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. ती आली लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात. आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाई, गिरणीतून भाकरीचं दळून आन." माझ्या माहेरी भाकरी ज्वारीची. मी मोठ्या उत्साहानं ज्वारी दळून आणली. आत्याबाईंनी पीठ चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्ये न्हवं." मग कोणतं? "दुसरं." दुसरं म्हणजे? "आगं, दुसरं भाकरीचं!" मला काही उमजेना आणि त्या काही सांगेनात. नणंद दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी तिलाच माझी दया आली. म्हणाली, "वहिनी, आमच्या दादांचं नाव काय?"

दादा म्हणजे तिचे वडील, माझे मामा. त्यांचं नाव बाजीराव. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे मला ठाऊक होतं. आमच्या आजीच्या पिढीत सगळीकडे तसंच होतं. पण नावाच्या जवळपास फिरकणारा शब्दही घ्यायचा नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मामांच्या नावानं बाजरी गेली, बसायची बाज गेली आणि गावचा बाजारही गेला. बाजरीला त्या 'भाकरीचं' म्हणत, बाजेला 'खाट' आणि बाजाराला 'पेठ'. आत्याबाईंच्या सासऱ्यांचं नाव सोमाजी, म्हणून सोमवार हा 'महादेवाचा वार'. त्यांच्या थोरल्या दिरांचं नाव दगडू, म्हणून आमच्या शेतात दगड औषधालाही नव्हते, होते ते सगळे धोंडे. लग्नकार्यात उखाणा घ्यायचा आग्रह झाला की आत्याबाई यमक झोकात जुळवायच्या आणि नेमकं नाव आलं की ते अशा काही गिळायच्या की जमलेल्या बायका "ऐकू नाही आलं" म्हणून ओरडायच्या. तोवर आत्याबाई हसत हसत स्वयंपाकघरात पसार झालेल्या असायच्या.

गंमत म्हणजे ही भाषा त्यांच्या एकटीची राहिली नाही. सुनील आणि त्याच्या बहिणी तीच ऐकत वाढल्या. पुढे माझी मुलगी रेवा आजीच्या मांडीवर बोलायला शिकली. पहिलीत असताना तिला वारांची नावं विचारली, तर तिनं ठणठणीत आवाजात म्हणून दाखवलं, "रविवार, महादेवाचा वार, मंगळवार..." तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मराठीच्या शिक्षिकेच्या मुलीला वार येत नाहीत, ही बातमी गावभर झाली. मी घरी येऊन तक्रार केली, तर आत्याबाई नातीला जवळ ओढून म्हणाल्या, "काय चुकलं तिचं? वार म्हादेवाचाच हाय का न्हाई?" यावर एम.ए.ची पदवी काय करणार?

मग मीच नाद लावून घेतला आणि या विषयावर मिळेल ते वाचत गेले. तेव्हा कळलं की आफ्रिकेत काही समाजांत सुना सासरच्या मंडळींच्या नावातले नुसते उच्चारसुद्धा टाळतात आणि त्यापायी रोजच्या वस्तूंना वेगळे शब्द वापरतात. मी आत्याबाईंना हे सांगितलं. त्यांना फार बरं वाटलं. "तिथं बी सुना हायेत म्हना की!" आणि लांब कशाला जायचं, आपण सगळेच थोडेफार आत्याबाई असतो. निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. दिवा विझवत नाही, मालवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानदार रात्री दुकान वाढवतो, आणि शेतात साप निघाला तर 'जनावर' निघालं म्हणतो. ज्याची भीती वाटते त्याचं नाव टाळायचं, हे त्यामागचं कारण मी वर्गात सांगायचे. आत्याबाईंना मात्र मामांची भीती वगैरे अजिबात वाटत नव्हती. भांडण झालं की त्या मामांना असं काही फैलावर घ्यायच्या की मामा बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं गोठा गाठायचे.

म्हणून एकदा मी सरळ विचारलं, "आत्याबाई, नाव घेतलं तर होतं काय?"

त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "काय बी हुत न्हाई."

"मग घेत का नाही?"

"आगं, त्यांचं नाव सारं गावच घेतंय. म्या आनिक कशाला घेऊ?"

मी नवऱ्याला नावानं हाक मारते याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही, चेष्टा मात्र भरपूर केली. मी "सुनील" म्हणून ओरडले की त्या मामांना म्हणत, "बगा, मास्तरीन बाईंनी हजेरी घ्यायला सुरू केली." त्या स्वतः मामांना हाक मारायच्या ती फक्त "अवो". पुढे मामा नाही, दादा नाही, काही नाही. चुलीपुढे बसून, तव्यावरची नजर न काढता, "अवो"मधला 'ओ' जरासा लांबवत... आणि मामा शेताच्या बांधावर असले तरी वळून बघायचे. जेवायला तर हाक आल्याशिवाय ते कधीच उठले नाहीत. भूक लागली तरी ओसरीवर बसून राहायचे. "हाक येऊ दे," म्हणायचे.

दोन-तीन वर्षांपूर्वी मामांची आठवण पुसट व्हायला लागली. आधी रस्ते गेले, मग माणसांची नावं गेली, मग रेवा कोण हेही कळेनासं झालं. नगरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, मन लावून तपासत होते. त्यांनी "बाजीराव, बाजीराव" अशा हाका मारल्या. मामा शांतपणे खिडकीकडे बघत राहिले, जणू दुसऱ्याच कोणाला बोलावणं चाललंय. डॉक्टर आत्याबाईंना म्हणाले, "आजी, तुम्ही नाव घेऊन बोलवा बरं." आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि पदर सावरून म्हणाल्या, "अवो, हिकडं बगा." मामांनी लगेच मान वळवली. "काय गं?" म्हणाले. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "हेच त्यांचं नाव."

परतीच्या वाटेवर पाथर्डीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा आत्याबाई हळूच म्हणाल्या, "म्या गेल्यावर यांना कोन हाक मारील गं?" मी म्हटलं, "आम्ही आहोत की." त्या म्हणाल्या, "तुमी मामा म्हनाल, पोरं दादा म्हनतील. त्यांला कळाया पायजे ना... उपाशी ऱ्हातील." मला तेव्हा ते म्हातारपणीचं काळजी करणं वाटलं. मी विषय बदलला.

पुढे झालं तसंच. आत्याबाई दुपारी भाकरी थापून उठल्या आणि भिंतीला टेकून बसल्या, त्या तिथंच गेल्या. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले आणि घरात खरी अडचण समोर आली. मामा जेवेनात. सुनील ओसरीवर जाऊन "दादा, चला जेवायला" म्हणायचा. मामा मान हलवायचे, "मंग जेवतो." मी ताट घेऊन गेले, "मामा, दोन घास तरी." "नगं, मंग." त्यांच्या जोडीचे एक म्हातारे आले, "ए बाजीराव, ऊठ की लेका!" म्हणाले. मामांनी त्यांना नमस्कार केला. भरवायला गेलं तर ओठ मिटून घ्यायचे. दूध तेवढं जायचं पोटात. गालफडं बसली, मनगटं वाळली. ते रुसले नव्हते. ते नुसते वाट पाहत होते.

काय करायला हवं ते मलाही कळत होतं आणि सुनीललाही. एका संध्याकाळी तो म्हणाला, "तू मार हाक. मला आईसारखी जमणार नाही." मी चिडले. "मी सासऱ्यांना 'अवो' म्हणू?" जी बाई लग्नाच्या दिवसापासून नवऱ्याला नावानं हाक मारते, तिला एक दोन अक्षरी शब्द उच्चारता येईना. नुसतं 'अवो' हे आत्याबाईंचं होतं. त्यांचं लुगडं नेसून मामांपुढे जावं, तसं ते वाटायचं. रात्रभर मी स्वतःला समजावलं, आणि सकाळी पुन्हा "मामा" म्हणत ताट नेलं आणि भरलेलं परत आणलं. त्या ताटाकडे बघून मला रडू आलं. पाथर्डीच्या अलीकडे आत्याबाईंनी मला काय विचारलं होतं, ते आता कळत होतं.

दुपारी मी बाजरीची भाकरी थापली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. भाकरी टम्म फुगली. तव्यावरची नजर मी काढली नाही. काढली असती तर जमलं नसतं.

"अवो... चला, भाकर निवून चालली."

ओसरीवरची बाज करकरली. "आलो," मामा म्हणाले.

ते आले, हात धुतले, पाटावर बसले. मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी ती नव्हे, हे त्यांना कळलं होतं. म्हणाले, "ती कुठं गेली?"

गेली, वारली, देवाघरी गेली... फळ्यावरचा सगळा तक्ता डोळ्यांपुढून सरकला आणि त्यातला एकही शब्द कामाचा नव्हता. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "पेठंला गेल्यात."

"आज पेठ हाय व्हय?"

"हाय ना."

"मंग उशीर करती ती. वाढ तू." आणि मामांनी भाकरी मोडली.

तेव्हापासून रोजचं हेच चाललंय. सुट्टीच्या दिवशी दुपारी, एरवी सकाळी शाळेला निघण्याआधी मी तव्याकडे बघत हाक मारते. मामा येतात, ती कुठं गेली म्हणून विचारतात आणि उत्तर ऐकून जेवतात. आमच्या गावचा बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. आमच्या घरात मात्र आता रोज पेठ असते.