वळणावर नाचलेली गाडी

धानकापणीच्या दिवसांत, एका सकाळी एकोडीजवळच्या वळणावर एक कार रस्ता सोडून बांधावर गेली. कडेने चाललेल्या शेतमजूर बाईचा पाय मोडला. मी तेव्हा त्या हद्दीत ठाणेदार होतो. ती घटना अजून जशीच्या तशी आठवते.

पंचनामा चालू असतानाच ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एकजण म्हणाला, "डायवर पिऊन होता साहेब." वैद्यकीय तपासणीत दारूचा अंश निघाला नाही. गाडी सासऱ्यांची, चालवणारा जावई. त्याची सरकारी चालक म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी आमच्याकडेच आली होती. गुन्हा त्याच्यावर राहिला असता तर नोकरी गेली असती.

तरीही तो एकच सांगत होता.

"मीच भरधाव होतो. लिहून घ्या."

"वळणावर काय झालं?"

"आधी नाचली, मंग चाकच बसलं."

"भरधाव गाडी घसरते. नाचते कायले?"

खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवतो. हा स्वतःला अडकवत होता. 'गाडी नाचते' हे आमच्याकडचे चालक सस्पेन्शन ढिलं झालं की म्हणतात. मी मोटार वाहन निरीक्षकांना गाडी खालून बघायला सांगितलं. पुढचं डावं चाक धरून ठेवणाऱ्या आर्मचा बॉल जॉइंट झिजून निखळला होता. त्याच आर्मच्या फाटलेल्या रबरी बुशात सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबून तारेने आवळला होता.

सासऱ्यांना बोलावण्याआधीच ते ठाण्यात आले. जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा सदरा घातलेले गृहस्थ.

जावई उठला. "बाबूजी, तुमी कायले आले जी? घरी जा ना."

"गप्प बस. पोरीले काय सांगू, तुहा नवरा खोटारडा हाय म्हणून?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हा दोनदा बोलला, गाडी नाचून राहिली, आर्म बदलून टाका. मले फक्त खडखड आवाजाचं पडलं होतं. ट्यूब भरली, आवाज बंद झाला. याले खोटंच सांगितलं, आर्म नवीन टाकला, ने आता."

जावयाने अपघातानंतर वाकून पाहिलं तेव्हाच त्याला ट्यूब दिसली होती. तरी त्याने सासऱ्यांचं नाव घेतलं नाही. सासऱ्यांनी जबाब वाचून घेतला, एकही शब्द बदलायला न सांगता सही केली. एकच गुन्हा आपल्या अंगावर घ्यायला दोन माणसं भांडताना मी नोकरीत तेवढी एकदाच पाहिली.

दोषारोपपत्रात आरोपी म्हणून गाडीच्या मालकाचं, सासऱ्यांचं नाव गेलं. जावयाचा पडताळणी अहवाल स्वच्छ गेला. त्या बाईचा पाय बरा झाला आणि पुढच्या पावसाळ्यात ती रोवणीला धानाच्या बांधीत उतरली.

गाडी न्यायालयाच्या आदेशाने सुटली, तेव्हा सासऱ्यांनी मेकॅनिकला ठाण्याच्या आवारातच बोलावलं. पुढचे दोन्ही आर्म बदलून होईपर्यंत ते उन्हात उभे राहिले. मग चावी जावयाच्या हातात दिली.