तांबूचं रक्त

राहनाळच्या हिरामणची शेती गोदामांखाली गेली, पण गोठ्याची हौस काही गेली नाही. गोदामामागं त्यानं फरशी घातली, पंखे लावले आणि संकरित गाय सोनीला तिथं थाटात बांधली. रोज फिनेल, आठवड्याला फवारणी. गोचीड औषधालाही सापडायची नाही. लोक चिडवायचे, "हिरामणशेठ, आमची बी सोय करा तिथं."

बायकोची, तुळजाची गावठी तांबू मात्र बाहेर मातीत. तुळजानं तिला माहेराहून आणलं तेव्हा ती वासरू होती, आणि आल्या आल्या गोचीडतापानं आडवी झाली. हिरामण म्हणाला होता, "सोड नाद." तुळजानं तीन दिवस जवळ बसून तिला उठवली. आता तांबू आटलेली, म्हणून पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी तिला पांजरपोळात धाडायचं हिरामणनं परस्पर ठरवलं. तेव्हापासून तुळजा त्याच्याशी धड बोलत नव्हती.

त्यात माणसाला मिरवायची खोड. सोनीला काल्हेरच्या जनावरांच्या प्रदर्शनात नेऊन दिवसभर शंभर गुरांत उभी केली. दोन आठवड्यांनी ती तापली, गाठी सुजल्या, पापणीच्या आतली लाली पार पांढरी पडली. पोटात सहा महिन्यांचं वासरू. हिरामणच्या तोंडचं पाणी पळालं.

गुरांच्या डॉक्टर नेत्राबाईंनी रक्त तपासलं. "गोचीडताप आहे. औषधानं जंतू मरेल, पण तोवर तग धरायला हिला रक्त हवं. दुसरी गाय आहे?"

तुळजा म्हणाली, "हाय की. रविवारपर्यंत हाय."

तांबूला तपासताना डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "तुम्ही सांगता तसा हिनं हा ताप लहानपणीच काढलाय. जंतू अजूनही थोडा असेल अंगात, पण हिचं शरीर त्याला ओळखून आहे, डोकं वर काढू देत नाही. तुमच्या सोनीनं तो कधी पाहिलाच नव्हता."

तांबूच्या मानेतून चार लिटर रक्त काढलं. ती निमूट रवंथ करत उभी होती. तिचं दावं हिरामणनं धरलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी सोनीनं चाऱ्याला तोंड लावलं.

रविवारी टेम्पो आला तेव्हा हिरामण बादलीभर कोमट पाण्यानं तांबूचे खूर धूत बसला होता. "चुकलो गं बाय," तो तिला म्हणाला. "तुझे उपकार फिटायचे न्हाईत." मग ड्रायव्हरकडं न बघताच म्हणाला, "जा बाबा तू. आमच्या घरातलं कोणी कुठं जात न्हाय."

तुळजानं त्याच्या हातात टॉवेल दिला आणि विचारलं, "तुमाला चाय टाकू?"