चढाच्या माथ्यावर थांबलेली मंडळी

माझी सून सायकलच्या क्लबात जाते. दर बुधवारी सांजच्याला दहा-बारा जण रंकाळ्यावरनं निघतात, बालिंग्याचा पूल ओलांडून पुढं जातात आणि अंधार पडताना माघारी येतात. "मामा, तुम्हीपण चला की," असं ती वर्षभर म्हणत होती. मी कधी मनावर घेतलं नाही. परवा मात्र ती टोचून बोलली, "व्हय, आता झेपायचं न्हाई तुम्हाला." झालं. जुनी सायकल पुसली, हवा भरली आणि निघालो.

शाळा मी चौथीत सोडली, पण हा रस्ता मला पाठ आहे. तेव्हा गावाकडं राहायचो, ह्याच रस्त्यानं चाळीस वर्षं कोल्हापुरात दूध घातलं. हँडलला किटल्या, मागं दोन्ही अंगांना कॅन. जाताना कुणी कुणासाठी थांबत नसे, दूध नासतं. सांजचं येताना मात्र रिकामे कॅन वाजवत आम्ही सहा जण संगं असायचो. त्यातला एक म्हातारा मागं पडायला लागला. तोंडावर "दमलास" म्हणायची सोय नव्हती, लई मानी माणूस. मग आम्ही चढाच्या माथ्यावर उतरायचो, चेन पडली म्हणून खोटंच खाली बसायचो. तो आला की चेन बसायची. एक दिवस तो न थांबता शेजारनं निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "पोरांनो, चेन बदला." दुसऱ्या दिवसापासून त्यानं दूध घालायचं सोडलं.

क्लबवाल्यांच्या सायकली पातळ, चकचकीत. एकानं माझ्या सायकलीकडं बघून विचारलं, "आजोबा, गिअर किती?"

"दोन. एक बसून, एक उभं राहून."

फुलेवाडीपर्यंत मी सगळ्यांच्या मधी होतो. पुलापुढच्या चढाला मात्र एकेक जण पुढं निघून गेला. सून मागं रेंगाळायला लागली, तिला पुढं हाकललं. उतरून ढकलायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. छातीचा भाता झाला, पण पोचलो. बघतो तर माथ्यावर सगळे सायकली टेकवून उभे. त्यांच्यातले एक शेटजी, गुजरीत दुकान आहे त्यांचं, स्टीलचा डबा उघडून बसलेले.

माझ्या डोक्यात सणक गेली. आम्ही चेनचं निमित्त करायचो, ह्यांनी डब्याचं केलं! "माझ्यासाठी कुणी थांबायचं कारण न्हाय!" असं ओरडलो आणि तसाच पुढं निघालो.

अर्ध्या मैलावर सुनेनं गाठलं. "मामा, तुमच्यासाठी कोण थांबलंय? शेटजी जैन हाईत. दिवस मावळायच्या आत जेवत्यात. दर बुधवारी इथंच थांबतोय आम्ही."

मी पाय टेकला. चाळीस वर्षं जैनांच्या दारात दूध घातलेला माणूस मी. दिवस बुडायच्या आत त्यांच्याकडं पोचायचं म्हणून किती दामटलीय ही सायकल. आणि आज डोळ्यांसमोर डबा दिसत असून त्यातलं काही आठवलं नाही, तो म्हाताराच तेवढा आठवला.

माघारी वळायची लाज वाटत होती. "चला," सून म्हणाली, "घरी जायचा रस्ता तिकडंच हाय."

गेलो. शेटजी लांबूनच म्हणाले, "या पावणं! आम्हाला वाटलं, गगनबावड्याला निघालासा." सगळे हसले. मीपण हसलो. त्यांनी दशमीचा तुकडा पुढं केला, तो उभ्यानंच खाल्ला.

दिवस बुडाला. शेटजींनी चूळ भरली, डबा पिशवीत घातला. तरी कुणी सायकलीला हात लावेना. ऊस किती वाढला, आजऱ्याकडं पाऊस कसा झाला, अशा गोष्टी चालू राहिल्या. माझी धाप अजून बसली नव्हती. आता मात्र ही मंडळी माझ्यासाठीच थांबली होती. न कळायला मी काय खुळा नाही.

"मला अजून पाच मिनिटं लागतील," मी म्हणालो. एवढं बोलायला मला चढापेक्षा जास्त जोर लागला.

"मग बसा की, उभं का?" शेटजी म्हणाले, आणि सगळेच रस्त्याकडंला खाली बसले.