नार्व्यातला शनिवार आणि माझी न उघडलेली पिशवी

मी जाणार नव्हते. हे आधीच सांगते, कारण ट्रिपवर लिहिणारे सगळे सुरुवातीलाच बॅग भरून तयार असतात. मी दोन दिवस पोटात दुखतंय म्हणून झोपून होते.

झालं असं. माझी मावशी डिचोली तालुक्यात नार्व्याला राहते, नदीकडे. तिच्या घरात दोन मोठ्या खोल्या पाहुण्यांना देतात. गेल्या वर्षी तिथे रायगडातून एक बाई राहून गेल्या, एस्तेर आंटी. त्या ज्यू. आपल्यासारखंच मराठी बोलतात, पिढ्यान् पिढ्या कोकणातल्याच. त्यांच्या गावात त्यांचं सिनेगॉग आहे. म्हातारी माणसं त्याला मशीद म्हणतात, पोरं सिनेगॉग. तेव्हा मी मावशीकडे शेजारच्या पोरांना कागदाचे कंदील करून देत होते, ते आंटींनी बघितलं होतं. यंदा दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. सिनेगॉगची बारा पोरं घेऊन त्या तीन दिवस नार्व्याला येणार होत्या, आणि शनिवारी पोरांसाठी काहीतरी मी करायचं होतं.

"आमच्याकडे पोरं आता एवढीच राहिली," आंटी फोनवर म्हणाल्या. "शनिवार म्हणजे कंटाळा, असं त्यांच्या डोक्यात बसलंय. ते बसू नये म्हणून ही सहल. आईबापांना मी खूप समजावून काढलीय. शनिवारी पोरं रडली तर पुन्हा कोणी पाठवणार नाही."

मी नववीत शाळा सोडली. अभ्यासाचं एवढं काही नव्हतं. बाई उभं करायच्या आणि सगळा वर्ग बघायला लागला की माझा आवाज यायचा नाही. उत्तर तोंडात असायचं, पण बाहेर यायचं नाही. आता मी सतरा वर्षांची आहे आणि धारगळला हायवेवर आमचं चहा-भजीचं दुकान आहे, तिथे आत काम करते. पुढे आई बसते.

आईला सांगितलं तर ती हसलीच. "तू पोरांका खेळवतलंस? पदेराक दोन पाव जास्त घाल म्हणून सांगूक तुझो आवाज येयना." पदेर म्हणजे आमचा पाववाला.

तरी मी यादी केली. एक, ओहोटीला नदीत उतरून खुबे, म्हणजे शिंपल्या, काढायचे आणि मावशीकडे त्यांचं सुकं करायचं. आमच्याकडच्या कुठल्याही पोराला विचारा, यापेक्षा मजा नाही. दोन, शनिवारी दिवसभर कंदील. यादी आंटींना फोनवर वाचून दाखवली.

"अगं, खुबे नको," आंटी म्हणाल्या. "पर आणि खवले असलेला मासाच आम्हाला चालतो. खुबे, कुर्ल्या, कोळंबी काही नाही. आणि शनिवारी आम्ही काम करत नाही, तेवढं लक्षात ठेव."

मी म्हटलं बरं. काम म्हणजे माझ्या डोक्यात शेत, दुकान, धंदा. कागद कापणं हे काम असेल, असं मला कशाला वाटेल? म्हापशाला जाऊन बारा कात्र्या, गोंद, पतंगाचे कागद आणि कामट्या घेतल्या.

शुक्रवार

गाडी पेडण्याला सकाळी आली, जवळजवळ तासभर उशिरा. कोणी येणार असेल तर सांगते, पेडणे स्टेशनच्या बाहेर रिक्षा कधी असते, कधी नसते, त्यामुळे गाडी आधीच ठरवून ठेवा. आम्ही मिनीबस ठरवली होती. पोरं उतरली तेव्हा मी खांबामागे उभी होते. आंटींनीच मला शोधलं. बरोबर शालोम काका होते, सत्तरीचे, डोक्याला छोटी टोपी. सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणतात ते. पोरांत रुबेन सगळ्यात मोठा, तेरा वर्षांचा, कानात वायर. सगळ्यात लहान रेचल, सहा वर्षांची. तिने न विचारताच माझा हात धरला.

धारगळला आमच्या दुकानात चहा झाला. पदेर सायकलचा भोंगा वाजवत आला. शुक्रवारी रात्री जेवताना दोन अख्खे पाव लागतात, म्हणून काकांना उंडे घ्यायचे होते.

"ह्यात चरबी नाही ना घालत?" काकांनी विचारलं.

"चरबी कित्याक घालू?" पदेर म्हणाला. "पीठ, मीठ, पाणी. पैली माडाची सूर घालायचे, आता तीय मेळना."

काकांनी मोठे गोल उंडे बघून बाजूला ठेवायला सांगितले. मला मात्र वाटलं, पदेराशी ते पहिल्याच वेळी एवढं बोलले, आणि मी रोज फक्त बोटं दाखवते.

धारगळहून म्हापसा, तिथून अस्नोडा, डिचोली, मग नार्वे. आमच्या मिनीबसला सव्वा तास लागला. साध्या बसने जाणार असाल तर डिचोलीला बदलावी लागते आणि नार्व्याच्या बस मोजक्याच आहेत, दुपारी तर फारच कमी. डिचोलीनंतर रस्ता खाली उतरतो, माडाच्या बागा लागतात, सप्तकोटेश्वराचं देऊळ येतं, आणि पुढे नदी. बाकी सगळे खिडकीतून बघत होते. मी मांडीवरची पिशवी चाचपत होते. बारा कात्र्या होत्या का, पुन्हा मोजल्या.

मावशीने डाळ, भात आणि वालीची भाजी करायचं ठरवलं होतं. पण आंटींनी आपले टोप आणले होते. मावशी आत येऊन मला म्हणाली, "आमची भांडी खराब काय गे?" आंटींनी ते ऐकलं. त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या, खुबे-कुर्ल्या शिजलेली भांडी त्यांना चालत नाहीत हे समजावलं, आणि वर मावशीकडून भाजीत खोबरं कधी घालायचं ते विचारून घेतलं. मावशीचा राग भाजी शिजायच्या आत गेला.

दुपारी सव्वाचारला मी मोठ्या खोलीत उद्याची तयारी मांडली. कागद, गोंद, कात्र्या ओळीने. शालोम काका आले, चष्मा वर करून त्यांनी कात्र्या बघितल्या.

"हे कधी करायचं?"

"उद्या," मी म्हटलं. एवढं तरी आलं.

"पोरी, उद्या कापणं नाही, चिकटवणं नाही. लिहिणं नाही, चित्र नाही, विस्तव नाही. आज सूर्य गेला की उद्या चांदण्या दिसेपर्यंत."

मग काय उरलं, हे मला विचारायचं होतं. सगळं परत पिशवीत भरलं आणि न्हाणीघरात जाऊन उभी राहिले. शनिवारचे निदान दहा तास, बारा पोरं, आणि माझ्याकडे काहीच नाही. धारगळला परत जाणारी बस किती वाजता आहे, ते मी मावशीला खरंच विचारलं. शेवटची, साडेचारची, निघून गेली होती.

दिवेलागण

संध्याकाळी मावशी मागच्या दारी तुळशीकडे दिवा घेऊन गेली, त्याच वेळी पुढे बाल्कांवात, म्हणजे आमच्याकडच्या बसायच्या ओट्यावर, एस्तेर आंटींनी तेलाचे दोन दिवे लावले. मग दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि प्रार्थना म्हटली. लहान मुलींनी पण डोळे झाकले. मी पाणी आणायला आत गेले. मोठ्या खोलीत कोणी नव्हतं आणि ट्यूब जळत होती. आमच्या घरी रिकाम्या खोलीत लाईट दिसला की बाबा ओरडतात. हात आपोआप गेला. बंद केली.

थोड्या वेळाने सगळे जेवायला आत आले आणि दारातच थांबले. रुबेन तोंड दाबून हसत होता.

"काय झालं?" मी आंटींना हळू विचारलं.

त्यांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "आता आम्हाला बटण दाबता येत नाही. रात्रभर राहावा म्हणून लाईट लावून ठेवला होता."

"मी लावते."

"आमच्यासाठी नको. तुला सांगून लावून घेतला तर आम्हीच लावल्यासारखं. तुला स्वतःला लागत असेल तर लाव."

आंटींनी हे मावशीला सांगितलं होतं, मला सांगायचं राहिलं होतं. मी बटणाजवळ उभी राहिले. मला लागतो का? खरं सांगायचं तर नाही. मग खोटं कसं बोलू? आंटींचं तोंड उतरलेलं दिसत होतं, आणि ते माझ्यामुळे.

शेवटी बाहेर ओट्यावर, दोन दिव्यांच्या उजेडातच जेवलो. मनुकांचं सरबत, उंडे, भाजी. जेवण झालं, दिवे ओट्याच्या कोपऱ्यात, बाकी सगळा अंधार. रेचल मुसमुसायला लागली. "मला घरी जायचंय." तिच्या बाजूची पण सुरू झाली. आंटी उठल्या. हेच व्हायला नको होतं.

का कोण जाणे, मी तोंडाने पदेराचा भोंगा वाजवला. पों, पों. सकाळसारखा.

रडणं थांबलं. "पाववाला," कोणीतरी म्हणालं.

मग मी फेरीबोट काढली. मग भज्या तेलात सोडल्याचा आवाज. कोणाला माझं तोंड दिसत नव्हतं. मी म्हटलं, "आता तुम्ही काढा, मी ओळखते." आपला आवाज एवढा मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं. बोगद्यातली गाडी, कुकर, झोपलेले शालोम काका. काकांनीच स्वतःचं घोरणं ओळखलं नाही, त्यावर तर कहर झाला.

शनिवार

सकाळी उजेड झाला आणि माझा आवाज गेला.

प्रार्थना झाली, कालचं थंड जेवण झालं, आणि दहाच्या सुमारास आंटींनी पोरांना ओट्यावर बसवलं. "आता सिद्धीताई." बारा तोंडं माझ्याकडे वळली. अगदी वर्ग. मी उभी होते आणि माडाकडे बघत होते.

"ताई, कालचं कर ना," एक म्हणाला.

मला येईना. ओठ हलत होते.

"काल तर बडबडत होतीस," रुबेन म्हणाला. "आंटी, आपण घरी जाऊया का?"

मी आत जायला वळले.

"तिला आम्ही दिसतो म्हणून," रेचल म्हणाली. तिने आंटींसारखे दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले. "हं. आता नाही दिसत. बोल."

खरं तर तिलाच मी दिसत नव्हते, मला ती दिसतच होती, पण तिचा हिशेब उलटा होता. बाजूच्या मुलीने पण डोळे झाकले. मग सगळ्यांनी. शालोम काकांनीसुद्धा.

मी म्हटलं, "आत्ता कोण कोण ऐकू येतं ते सांगा." आवाज चिरकला, पण आला. कावळा, मावशीचं विळीवर खोबरं, कुत्रा, लांब फेरीचं इंजिन. प्रत्येकाने आधीचे सगळे आवाज सांगायचे आणि आपला एक वाढवायचा. लिहायचं नव्हतंच, सगळं डोक्यात. नववीपर्यंत माझं सगळं डोक्यातच असायचं, त्यामुळे मी एकही विसरले नाही. मग काका म्हणाले, फार लांब नको, पण चालायला हरकत नाही. नदीपर्यंत गेलो. ओहोटी होती. दोन बाया वाकून खुबे काढत होत्या, टोपलीत टाकताना खळ्ळ आवाज यायचा. तो सव्विसावा झाला.

परत ओट्यावर येऊन खेळ पुढे सुरू केला तेव्हा माझं लक्ष गेलं. सगळ्यांचे डोळे झाकलेले, रुबेनचे उघडे. सरळ माझ्याकडे बघत होता. कधीपासून, माहीत नाही. सत्तावीस कोण, अठ्ठावीस कोण. मी बोलत राहिले. कालपासून त्याच्या कानात वायर नव्हती, त्याला सगळं ऐकू येत होतं.

"एकोणतीस," तो म्हणाला. "तुझी पैंजणं. सकाळपासून कोणी मोजली नाहीत."

दुपारी पोरं झोपली. मी नाही झोपले, मला पुढच्या चार तासांची भीती होती. पण उठल्यावर त्यांनी स्वतःच खेळ लावला.

संध्याकाळी तीन चांदण्या शोधायच्या. तिसरी ढगात होती, तिने अर्धा तास लावला. ती दिसल्यावर सगळे बटणाकडे धावले आणि ट्यूब सात-आठ वेळा लागली-विझली. मावशी आतून ओरडली. मग आंटींनी मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, केळी कालवायला घेतली. त्याला मलिदा म्हणतात, त्यांच्या एलियाहू नबीच्या नावाने करतात.

मावशीने वाकून बघितलं. "अगे, हे तर आमचे दिवाळीचे फोव."

"मग खोबरं कमी आहे का बघा," आंटी म्हणाल्या. मावशीच्या मते कमी होतं. तिने आणखी एक नारळ फोडला.

शनिवारी पिशवी शेवटपर्यंत उघडली नाही. झोपेला आलेल्या पोरांना कोण कंदील करायला लावणार? रविवारी प्रत्येकाला एकेक कात्री आणि कागद घरी न्यायला दिले.

रविवार

नार्व्याहून दिवाडीला फेरी जाते, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. पोरं असतील तर एकदा जाऊन त्याच फेरीने परत या, तेवढंच पुरतं. संध्याकाळी थिवीहून त्यांची गाडी होती. आंटी म्हणाल्या, "उन्हाळ्यात आमच्याकडे ये. मशिदीच्या आवारात, एक शनिवार. आईबाप पण असतील."

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. आईबाप म्हटल्यावर मी रेचलची पिशवी उचलून डब्यात ठेवायला गेले. गाडी हलली तेव्हा रेचलने खिडकीत दोन्ही हातांनी डोळे झाकले.

बस बदलत धारगळला आले तेव्हा दुकान बंद व्हायला आलं होतं. आई मागे टोप घासत होती, बाबा बाहेर कोणाशी बोलत होते. आतल्या खोलीत लाईट जळत होता आणि कोणी नव्हतं. हात बटणावर गेला आणि तिथेच थांबला.

"हयला लाईट कोणाक लागता काय?" मी मोठ्याने विचारलं. इतक्या मोठ्याने, की बाहेरचं बोलणं थांबलं.

आई हात पुसत दारात आली. "काय झाला गे तुका?"

"काय नाय. विचारलंय."

"रवांदे," ती म्हणाली. "माका येवचा आसा."

मी तो तसाच ठेवला. सकाळी पदेर आला तेव्हा त्याच्याकडे दोन पाव जास्त मागितले. उन्हाळ्याचं अजून ठरलेलं नाही.