राऊंड आला तरी उठू नको

कमला सिस्टर गेली, हे मले झाडूवाल्या बाईनं सांगितलं, लहान लेकरांच्या आयसीयूबाहेर, बाकावर. मी रडाले लागली तं नवी सिस्टर आतून म्हने, "रोना बाद में, सर का राऊंड आ रहा है." मानूस मेला तरी याह्यचा राऊंड पयला!

माहं लेकरू सातव्या महिन्यातच झालं, मुठीएवढं. हे रेल्वेत, बदलीवर जयपूरले आलो, इथं आपलं कोनी नाही, आपली बोली बोलनारी एक कमला सिस्टरच. लेकराले हात लावाचं मले भेव वाटे. कमला सिस्टर खेकसली, "पाहून काय राह्यली? तूच जनलं ना?" आन काचेच्या पेटीतून काढून त्याले माह्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून ओढनी बांधली. तोंडाची लई फटकळ बाई... पन थोड्या वेळानं लेकराचा श्वास असा शांत झाला, का मीच हलाले भेली.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले, मागं पुरी पलटन. सिस्टर माह्या कानात म्हने, "आली वरात, घोडीच तेवढी राह्यली." राऊंडच्या वक्ती आयांनी बाहेर जायचं, असा तिथला कायदा. मी उठाले लागली तं तिनं खांदा दाबला, "राऊंड आला तरी उठू नको." साहेब तिच्यावर वरडले, "वॉर्ड तुम्हारे बाप का है?"

"नहीं सर. बच्चा इसका है."

दुसऱ्याच दिवशी तिले खालच्या स्टोअरात बसवलं, खोके लावाले. आन इकडं साहेब शिकाऊ पोरींले सांगे, आईच्या छातीची ऊब सगळ्यात चांगली... जसं त्यानंच शोधून काढलं! मानसं कमी पडली का तिलेच वर बोलवत, डबल ड्युटीले. तिले ताप आला, सुट्टी मागतली, तं म्हने नाटक करते. डेंगू होता.

मंग फोटो लावला, हार घातला. साहेब हात जोडून म्हने, "वो हमारे परिवार की थी," आन एका डोळ्यानं पाहे, मोबाईलवाला फोटो घेते का नाही. थू! घरच्या मानसाले असं मारते का कोनी? पन मी गप उभी राह्यली. लेकरू त्याह्यच्याच हातात होतं ना... बोलली असती तं?

आता लेकरू घरी आलं, म्हनून लिहून राह्यली. काल ह्यांच्या साहेबाची बायको पाहाले आली, मिठाई घेऊन. लेकरू छातीवर झोपलं होतं. गावाहून आलेल्या सासूबाई डोळे वटारून राह्यल्या, उठ म्हनून. पन मी बसल्या बसल्याच नमस्कार केला.